ध्वनीवाचून नाद : ऐकू येणे कमी झाल्यावर मेंदूत काय घडते

बाहेर कोठेही ध्वनी नसताना कानात शिटी, गुणगुण, रातकिड्यांची किरकिर किंवा वाफेच्या फुत्कारासारखा आवाज सतत ऐकू येणे, या व्यथेला कर्णनाद म्हणतात. इंग्रजीत रूढ असलेला टिनिटस हा शब्द ‘घणघणणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आलेला आहे. व्यथा फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले असून त्यांत तिची गणना केलेली आहे. शब्द वाहून नेणाऱ्या नाड्यांत वायू भलत्या मार्गाने शिरला म्हणजे माणसाला नाना प्रकारचे शब्द ऐकू येतात, असे तेथे कारण दिले आहे. पुढे माधवनिदानात भेरी, मृदंग व शंख यांच्या नादांचा उल्लेख येतो. वायूची उपपत्ती आज कोणी स्वीकारणार नाही. परंतु दोष शब्द वाहून नेणाऱ्या मार्गात शोधावयाचा, ही दिशा मात्र चुकीची नव्हती.

ही व्यथा विरळ नाही. २०२२ साली निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून जो अंदाज बांधण्यात आला, त्यानुसार प्रौढ माणसांपैकी शेकडा सुमारे १४ जणांना कर्णनादाचा अनुभव येतो. जगात अशी माणसे ७४ कोटींहून अधिक भरतात आणि त्यांपैकी सुमारे १२ कोटींना त्याचा जाच तीव्र असतो. थोर जर्मन संगीतकार बेथोव्हन याने वयाच्या तिशीत, १८०१ साली, आपल्या वैद्य मित्राला लिहिलेल्या पत्रात रात्रंदिवस चालणाऱ्या कानातील गुणगुणीची तक्रार केलेली आहे. बोहेमियाचा संगीतकार स्मेताना १८७४ साली बहिरा झाला. दोन वर्षांनी त्याने तंतुवाद्यांसाठी रचलेल्या एका आत्मचरित्रात्मक रचनेत, शेवटच्या भागात, आनंदाचा भर अचानक तुटतो आणि व्हायोलिनवर एक अतिशय उंच, लांबलचक स्वर उमटतो. तो स्वर म्हणजे त्याच्या कानातील शिटी होय. ही दोन्ही उदाहरणे ऐकू येईनासे झालेल्या माणसांची आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्याचा कान कमी ऐकतो त्यालाच अधिक ऐकू यावे, हा विरोधाभास या विषयाच्या मुळाशी आहे.

थोड्या रुग्णांत आवाज खरोखरच शरीरात उत्पन्न होत असतो. कानाजवळच्या रक्तवाहिनीतील प्रवाहाचा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर ऐकू येतो आणि कधी कधी तो वैद्यालाही नळी लावून ऐकता येतो. अशा रुग्णाने तपासणी अवश्य करून घ्यावी. मात्र त्याचा प्रश्न निराळा आहे. येथे विचार करावयाचा आहे तो, कोणत्याही नळीने दुसऱ्याला ऐकता न येणाऱ्या नादाचा.

कानापासून मेंदूपर्यंत

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने होत. ती कानाच्या पडद्यावर आदळतात, मध्यकर्णातील तीन चिमुकल्या हाडांवाटे आत जातात आणि अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत पोहोचतात. गोगलगाईच्या शंखाप्रमाणे अडीचएक वेढे असलेली ही नलिका उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तिच्या लांबीभर एक पडदा ताणलेला असतो. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवून दिले की, ध्वनी आत शिरला म्हणजे या पडद्यावरून एक लाट धावत जाते, आणि उंच स्वरांची लाट नलिकेच्या तोंडाशी तर खालच्या स्वरांची लाट तिच्या टोकाकडे सर्वांत अधिक उसळते. या शोधाबद्दल त्यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रीतीने पडद्यावरील प्रत्येक जागा जणू पेटीच्या एकेका सुराला वाटून दिलेली आहे.

पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. माणसाच्या एका कानात बाहेरच्या रांगांत सुमारे १२,००० व आतल्या रांगेत सुमारे ३,५०० पेशी असतात. बाहेरच्या पेशी क्षीण कंपनांना जोर देतात. आतल्या पेशी कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करून ते सुमारे ३०,००० श्रवणमज्जातंतूंच्या हवाली करतात. पक्ष्यांच्या केशपेशी नष्ट झाल्या तर त्या पुन्हा उगवतात, असे १९८०च्या दशकात आढळून आले. सस्तन प्राण्यांना ही देणगी नाही. माणसाची केशपेशी एकदा गेली की ती कायमची गेली, आणि तोंडाशी असलेल्या, उंच स्वरांच्या पेशी बहुधा प्रथम जातात.

हे नुकसान गोंगाटाने होते, वयाने होते, काही औषधांनीही होते. इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात, दिवसभर तांबे ठोकणाऱ्या व्हेनिसच्या तांबटांना बहिरेपण येते, असे नोंदविले होते. (ज्या पक्ष्याला आपल्याकडे तांबट हे नाव मिळाले, तो तेच ठोके गळ्यातून काढतो, त्याच्या कानाला मात्र त्यापासून अपाय होत नाही.)

मज्जातंतूंविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घेतल्यावाचून पुढचे विवेचन कळणार नाही. पूर्ण शांततेतही ते स्वस्थ बसत नाहीत. काही तंतू तर कोणताही ध्वनी नसताना सेकंदास पन्नासहून अधिक वेळा आपले संदेश सोडीत असतात. मेंदूला ही कुजबूज परिचित असते, आणि तिलाच तो ‘शांतता’ म्हणून ओळखतो.

आवाज कानात आहे काय?

आवाज कानात ऐकू येतो, तेव्हा तो कानातच उत्पन्न होत असला पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. १९७८ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड केम्प यांना असे आढळले की, निरोगी कान स्वतःच अतिशय मंद ध्वनी बाहेर टाकतो व तो सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपता येतो. कर्णनादाचे कोडे सुटले असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु ज्या कानांतून असे ध्वनी निघतात त्यांच्या धन्यांना ते बहुधा ऐकूच येत नाहीत, आणि ज्यांना नाद ऐकू येतो त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या बाबतीत तो या ध्वनीशी जुळतो. ही वाट तेथेच खुंटली.

खरा निर्णायक पुरावा शस्त्रक्रियागृहातून आला. श्रवणमज्जातंतूंच्या जुडीलगत कधी कधी गाठ वाढते आणि ती काढताना ती जुडी तोडावी लागते. नाद जर कानातून येत असेल, तर ही तार तुटताच तो थांबावयास हवा. प्रत्यक्षात अनेक रुग्णांचा नाद तसाच राहिला, आणि अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णांच्या नोंदींत तो वाढलेल्यांची संख्याही मोठी होती. कान सर्वस्वी बहिरा झाला होता, मेंदूकडे जाणारा रस्ता बंद झाला होता, आणि तरीही त्या कानात शिटी वाजत होती.

याला एक जुना दाखला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना नाहीशा झालेल्या अवयवात वेदना होत. सायलस वेअर मिचेल या वैद्याने १८७१ साली त्याला ‘भुताटकीचा अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. अवयव गेला तरी मेंदूतील त्याची जागा रिकामी होत नाही. कर्णनाद हा त्याच जातीचा अनुभव आहे, असे आज बहुतेक संशोधक मानतात.

रेडिओची खुंटी

मेंदू हे आलेले संदेश नुसते उतरवून घेणारे यंत्र नव्हे. आपल्या पेशींचे काम ठराविक पातळीवर चालू राहावे, याची तो सारखी काळजी घेत असतो. १९९८ साली अमेरिकेत जीना टुरिजियानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूतील पेशी काचपात्रात वाढवून त्यांचे विद्युत्स्पंदन दोन दिवस औषधाने थांबविले. तेव्हा त्या पेशींनी परस्परांना जोडणारे आपले संधी अधिक सबळ केल्याचे दिसले. उलट पेशींना फाजील चेतविले तेव्हा संधी दुर्बळ झाले. थोडक्यात, आवक कमी झाली की पेशी आपली ग्रहणशक्ती वाढवितात.

दूरचे केंद्र नीट लागत नसले म्हणजे मनुष्य रेडिओची खुंटी फिरवून आवाज वाढवितो. गाणे थोडे स्पष्ट होते, पण त्याबरोबर यंत्राची खरखरही वाढते. केंद्र अजिबात बंद पडले तर उरते ती खरखरच. अंतर्कर्ण दुखावल्यावर श्रवणमार्गात असेच काहीसे घडते. प्राण्यांवरील प्रयोगांत असे दिसते की, गोंगाटाने केशपेशींची हानी झाल्यावर श्रवणमज्जातंतूंची शांततेतील कुजबूज मंदावते. परंतु मेंदूच्या देठातील श्रवणाच्या पहिल्या ठाण्यात व त्यावरील ठाण्यांत ती उलट वाढते. तेथे पेशींना आवरून धरणाऱ्या अवरोधक संदेशांचा लगाम सैल पडतो, शेजारशेजारच्या पेशी एका तालात स्पंदू लागतात, आणि अर्थहीन कुजबूज मोठ्या मेंदूच्या श्रवणक्षेत्रापर्यंत पोहोचून ‘ध्वनी’ म्हणून ऐकली जाते. नाद कोणत्या उंचीचा आहे हे जुळवून पाहिले असता तो बहुधा त्याच स्वरपट्ट्यात सापडतो, जो त्या माणसाला नीट ऐकू येईनासा झालेला असतो. यावरूनही या उपपत्तीला बळकटी येते.

पहिल्या ठाण्यासंबंधी एक मौजेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे कानाच्या तंतूंबरोबरच चेहरा, जबडा व मान यांकडून येणारे तंतूही मिळतात. कानाची आवक घटली की या दुसऱ्या पाहुण्यांचे प्रस्थ वाढते. कर्णनादाच्या अनेक रुग्णांना दात घट्ट आवळले किंवा मान वळविली असता नादाची उंची वा जोर बदललेला जाणवतो. केवळ कानाचा रोग असता, तर जबड्याला त्यात काय अधिकार होता?

प्रयोगांची साक्ष

नाद ऐकू येतो की नाही हे प्राण्याला सांगता येत नाही; मग प्राण्यांवर प्रयोग करावयाचा कसा? पावेल यास्त्रेबोफ यांनी १९८८ साली त्यासाठी सुंदर युक्ती योजिली. पार्श्वभूमीचा आवाज बंद पडून शांतता झाली की पाणी पिणे थांबवावयाचे, असे त्यांनी उंदरांना शिकविले. नंतर त्यांना सॅलिसिलेट दिले. ॲस्पिरिनच्या कुळातील हे औषध मोठ्या मात्रेत घेतल्यास माणसाच्या कानात नाद उत्पन्न होतो. आता बाहेरचा आवाज बंद झाला तरी ते उंदीर पाणी पीतच राहिले. त्यांच्या दृष्टीने शांतता झालीच नव्हती.

माणसांवरील साक्षही तितकीच बोलकी आहे. १९५३ साली हेलर व बर्गमन यांनी ऐकण्यात काहीही दोष नसलेल्या ८० प्रौढांना एकेक करून ध्वनिरोधक खोलीत बसविले. त्यांच्यापैकी शेकडा ९४ जणांना थोड्याच वेळात कसला ना कसला आवाज ऐकू आला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ निरोगी स्वयंसेवकांनी सात दिवस एका कानात बोळा घालून ठेवला. १४ जणांना नाद ऐकू येऊ लागला, आणि बोळा काढल्यावर तो नाहीसा झाला. कान निकोप होता, फक्त त्याची आवक अडविली होती. खुंटी फिरते याचा, आणि ती परतही फिरू शकते याचा, याहून सोपा पुरावा मिळणे कठीण आहे.

तथापि एक अडचण होती. कर्णनादाच्या काही रुग्णांची श्रवणचाचणी पूर्णपणे निर्दोष ठरते. ज्यांचे ऐकणे कमीच झालेले नाही त्यांच्या मेंदूने खुंटी का फिरवावी? अशा रुग्णांना पूर्वी मनाचा खेळ म्हणून परत पाठविले जाई, आणि हा अन्याय थोडाथोडका नव्हता. २००९ साली शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना १०० डेसिबलचा गोंगाट दोन तास ऐकविला. काही दिवसांत त्यांचे ऐकणे पूर्ववत झाले. एकही केशपेशी मेली नव्हती. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, उंच स्वरांच्या भागात केशपेशी व मज्जातंतू यांना जोडणारे जवळजवळ निम्मे संधी कायमचे तुटलेले आढळले. शांत खोलीत एखादा मंद स्वर ऐकण्याच्या चाचणीला उरलेले निम्मे संधी पुरेसे ठरतात, म्हणून हे नुकसान चाचणीत उमटत नाही. दोनच वर्षांनी, २०११ साली, रोलांट शेटे व डेव्हिड मॅकअल्पाइन यांनी निर्दोष चाचणी असलेल्या पण नादाने त्रस्त स्त्रियांच्या डोक्यावर विद्युदग्रे लावून मोजणी केली. श्रवणमज्जातंतूंकडून उठणारी पहिली लाट निरोगी स्त्रियांपेक्षा लहान होती. मेंदूच्या देठात पुढे उठणारी लाट मात्र पुरेपूर मोठी होती. वाटेत कोणीतरी तूट भरून काढली होती.

न जुळणारे धागे

इतके असूनही सर्व धागे जुळलेले नाहीत. श्रवणक्षेत्रात स्वरांचा जो नकाशा असतो, त्यातील ओसाड पडलेल्या भागावर शेजारचे स्वर अतिक्रमण करतात व त्यातून नाद उपजतो, असे १९९८ साली जर्मन संशोधकांनी मांडले होते. २०१२ साली नेदरलँड्समधील मापनांत, नाद असूनही नकाशा मोठ्या प्रमाणावर बदललेला नाही, असे दिसले. शिवाय सर्वांत अवघड प्रश्न असा, की कमी ऐकू येणारे सगळेच नादाने का त्रस्त होत नाहीत? जन्मतःच एका कानाने बहिऱ्या असलेल्या माणसांना त्या कानात नाद क्वचितच ऐकू येतो. ज्या स्वरांची मेंदूला कधी ओळखच झाली नाही, त्यांची उणीव त्याला भासत नसावी. यावरून काही संशोधक असे सुचवितात, की मेंदू पूर्वानुभवावरून पुढे काय ऐकू येईल याचा सारखा अंदाज बांधीत असतो, आणि कुजबूज वाढली तरी तिला ‘शांतता’च मानावयाचे की ‘ध्वनी’ ठरवावयाचे, हा निवाडा त्या अंदाजावर अवलंबून असतो. लक्ष, स्मृती आणि भीती यांची केंद्रे या निवाड्यात भाग घेतात.

भीतीचा वाटा किती मोठा आहे, हे एका साध्या मापनावरून कळते. बाहेरचा स्वर नादाशी जुळवून त्याची तीव्रता मोजली असता, ती त्या स्वरपट्ट्यात रुग्णाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा बहुधा थोड्याच डेसिबलांनी अधिक भरते. इतका मंद आवाज माणसाची झोप उडवितो, कामातून उठवितो, निराशेच्या गर्तेत लोटतो. जाच आवाजाच्या मोठेपणाने होत नाही. मेंदू त्याला धोक्याची सूचना समजतो, म्हणून होतो. नाद लटका असला तरी दुःख लटके नसते.

उपचारांची दिशाही या ज्ञानाने बदलली आहे. नादाला त्रासून शांततेचा आश्रय घेणे व सदोदित कानात बोळे घालून बसणे अहितकारक ठरते, कारण त्यामुळे आवक आणखी घटते. जेथे बहिरेपण आहे तेथे श्रवणयंत्र दिल्यास हरवलेले स्वर परत येतात आणि पुष्कळांचा नाद मागे सरतो. पूर्ण बहिऱ्या कानात विद्युदग्रे बसविणाऱ्या शस्त्रक्रियेनंतरही अनेकांना असाच आराम पडतो. रात्री पंख्याचा किंवा पाण्याचा मंद आवाज चालू ठेवणे हा घरगुती उपाय त्याच तत्त्वावर आधारलेला आहे. नादाविषयीचे विचार व भय यांवर काम करणाऱ्या मानसोपचाराने आवाज कमी होत नसला तरी जाच कमी होतो. अमेरिकेतील कर्णतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली त्याची शिफारस केली, आणि बाजारात खपणाऱ्या जिन्को वनस्पतीच्या अर्काची शिफारस करू नये असेही स्पष्ट सांगितले. नाद हमखास घालविणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींकडे संशयानेच पाहावे. जबड्याच्या व कानाच्या तंतूंचे पहिल्या ठाण्यात होणारे मीलन ध्यानी घेऊन, ध्वनी व सौम्य विद्युत्स्पर्श एकत्र देण्याचे प्रयत्न चालू आहेत. जिभेवर असा स्पर्श देणाऱ्या एका साधनाला अमेरिकेत २०२३ साली सरकारी मान्यता मिळाली.

कुजावा व लिबरमन यांच्या उंदरांनी शिकविलेला धडा कारखान्यांना व मिरवणुकांना सारखाच लागू आहे. भारतातील कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा घातलेली आहे. ढोलताशे किंवा ध्वनिवर्धकांच्या भिंतीजवळ ही पातळी सहज ओलांडली जाते. तेथून परतल्यावर कान दडे बसल्यासारखे होतात, सुं सुं आवाज येतो, आणि सकाळपर्यंत सारे निवळते. निवळले म्हणजे भरून आले, असे पूर्वी समजत असत. तुटलेले संधी पुन्हा जुळविता येतील काय, याचा शोध आता चालू आहे. २०१४ साली अमेरिकेतील प्रयोगशाळांत, मज्जातंतूंची वाढ घडवून आणणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण कानात वाढवून उंदरांचे असे संधी पुन्हा उगवून दाखविण्यात आले. माणसाच्या कानात तसे करणे साधले, तर वर्षानुवर्षे वाढवून ठेवलेली खुंटी मेंदू आपण होऊन मागे फिरवील काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.